यादीतला पहिला पत्ता

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सुकुमार मगदूम सांगलीहून डोळ्यांचे थेंब घेऊन जयसिंगपूरच्या घरी आले. त्रिशला पडवीतल्या खुर्चीत बसली होती. मांडीवर सूप, सुपात पावट्याच्या शेंगा, निम्म्या सोललेल्या. एक शेंग बोटांत तशीच होती. त्यांनी चपला काढल्या, "बस चुकली, म्हणून उशीर झाला," असं म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. पाणी पिऊन बाहेर आले तरी ती काही बोलली नाही. बस चुकली म्हटल्यावर गप्प बसणारी बाई नव्हती ती.

भिंतीवरच्या राखणच्या पेटीचा दिवा निळा होता.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात अजून गार पडला नव्हता, पण त्या हातात काही उरलेलं नव्हतं. ते तसेच उभे असताना पेटीतून बारीक आवाज आला आणि निळा दिवा हिरवा झाला. हिरवा म्हणजे सगळं ठीक. हिरवा दिवा दिसला की गेली दोन वर्षं ते निर्धास्त चहा ठेवायला जायचे. त्या दिवशीही क्षणभर त्यांना वाटलं की आता ती डोळे उघडेल.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, मान हलवली आणि म्हणाले, "अर्धा तास तरी झाला असेल, अण्णा. बसल्या जागी गेल्या. त्रास झाला नसेल."

तीन घरं सोडून राहणाऱ्या लीलाक्का काठी टेकत आल्या. त्यांच्याही छातीला राखणचा पट्टा होता. त्यांनी त्रिशलाच्या बोटांतली शेंग काढून घेतली, सोलली आणि दाणे सुपात टाकले. मग रडायला लागल्या.

मुलगा भरतेश सुनेला घेऊन पुण्याहून दुपारी आला. ज्या कंपनीनं राखण बनवलं, तिथंच तो नोकरीला होता. आईच्या छातीला पट्टा त्यानंच बांधला होता. तो आला, पायाशी बसला, आणि पहिलं काय केलं तर मान वळवून पेटीकडे बघितलं. सुकुमारना ते दिसलं. पण त्या दिवशी त्याचा अर्थ लावायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

राखण म्हणजे छातीभोवतीचा एक मऊ पट्टा आणि भिंतीवरची पेटी. पट्टा हृदयाचा प्रत्येक ठोका टिपतो आणि पेटीला देतो. पेटी ते ठोके केंद्राकडे पाठवते. केंद्रात त्या माणसाच्या लाखो ठोक्यांचा इतिहास असतो. त्यावरून मोठी यंत्रं हिशेब करतात आणि ठोका बिघडायच्या सात-आठ मिनिटं आधीच ओळखतात. मग केंद्र पट्ट्याला हुकूम देतं आणि पट्टा विजेचा एक लहानसा चिमटा देऊन ठोका जागेवर आणतो. हा हिशेब इतका मोठा असतो की तो पेटीत मावत नाही. म्हणून पेटी नुसती निरोप्या. दिवा हिरवा असला तर केंद्राशी बोलणं चालू आहे. निळा असला तर पेटी केंद्र शोधते आहे. लाल झाला तर धोका, आणि शेजाऱ्यांना, दवाखान्याला आपोआप फोन जातात.

त्रिशलाला दोन वर्षांत असे चिमटे एकतीस वेळा बसले होते. म्हणजे एकतीस वेळा ती वाचली होती, असं भरतेश म्हणायचा.

सुतकाचे दिवस संपल्यावर कंपनीचा माणूस आला. तरुण होता, भाषा मवाळ होती. शोकाचं पत्र त्यानं दोन्ही हातांनी दिलं. बसायला सांगितलं तर अर्ध्या खुर्चीवर बसला.

"झटकाच मोठा होता, काका," तो म्हणाला. "यंत्राला वेळ मिळाला नाही. कधीकधी असं होतं."

"दिवा निळा होता," सुकुमार म्हणाले.

"त्या वेळी आमचं पुण्याचं केंद्र त्रेचाळीस मिनिटं बंद होतं. पण नागपूर आणि हैदराबाद चालू होतं की. एक बंद पडलं तर पेटी दुसरीकडे जाते. ते आम्ही दर महिन्याला तपासतो."

"मग दिवा निळा का होता?"

माणसानं पत्राकडे बघितलं. 

सुकुमारनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. शिरोळ तालुक्यातला प्रत्येक खांब ते ओळखायचे. खातं आटलं, तारा गेल्या, एक्स्चेंजच्या इमारतीत गाड्यांचं चार्जिंग स्टेशन आलं. पण लाइनवर नेमकं काय झालं हे बघितल्याशिवाय फॉल्ट बंद करायचा नाही, ही सवय राहिली होती. घरचा राउटर कुठल्या वेळी कुणी कुणाला बोलावलं याची नोंद ठेवतो, हे त्यांना ठाऊक होतं. ती नोंद त्यांनी मोठ्या अक्षरात कागदावर छापून घेतली आणि इस्माईल मुजावरला बोलावलं.

इस्माईल एक्स्चेंजच्या टेस्टिंग रूममध्ये होता. सुकुमार खांबावर आणि इस्माईल टेस्टवर, अशी त्यांची सगळी नोकरी एकमेकांशी फोनवर भांडण्यात गेली होती. तो आला, चष्मा वर ढकलला आणि कागदावर बोट ठेवून वाचत गेला.

"दहा अठ्ठावन्नला केंद्र तुटलं. पंधरा सेकंद वाट बघितली, परत नंबर लावला. परत पंधरा सेकंद. परत." बोट खाली सरकत राहिलं. दुसरं पान, तिसरं पान. "मगदूम, हे सगळे एकाच पत्त्यावर लावलेत रे."

"मोजलेत मी. एकशे बहात्तर."

"एकशे बहात्तर वेळा एकच नंबर? आपल्याकडं नवीन पोरगं लागलं असतं तरी चौथ्या वेळी दुसरी लाइन बघितली असती." तो हसला, मग कुणाच्या घरात बसून हसतोय हे लक्षात येऊन गप्प झाला. "हिला हंटिंगच नव्हतं म्हणायचं."

हंटिंग हा त्यांचा दोघांचा शब्द. साखर कारखान्याला किंवा मोठ्या दवाखान्याला एकच नंबर असायचा, पण त्यामागं पाच-सहा लाइनी असायच्या. पहिली बिझी असली किंवा मेली असली की एक्स्चेंज आपोआप दुसरी बघायचं, मग तिसरी. फोन करणाऱ्याला ते कळायचंही नाही.

इथंही तसंच होतं. माणसांना नाव लक्षात राहतं, यंत्रांना आकडे लागतात. पेटीला केंद्राचं फक्त नाव ठाऊक असतं. ते नाव ती नेटवरच्या नोंदवहीला विचारते आणि नोंदवही आकड्यांतला पत्ता सांगते. केंद्रं तीन, काम तेच, म्हणून नावापुढं पत्तेही तीन. नोंदवही तिन्ही देते, दर वेळी क्रम बदलून, म्हणजे सगळी गर्दी एका दारात होत नाही. पुढचं पेटीच्या हातात. शहाणी पेटी पहिल्या दारावर थाप मारते, पाव सेकंद थांबते, लगेच दुसऱ्यावरही मारते, मग तिसऱ्यावर. जो आधी दार उघडेल त्याच्याशी बोलते. त्रिशलाच्या पेटीकडे तिन्ही पत्ते होते. ती एकाच दारापुढं त्रेचाळीस मिनिटं उभी राहिली होती.

"ही आधी अशी नव्हती," इस्माईल म्हणाला. "वैनीच म्हणायच्या की, आज नागपूरवाला चिमटे काढतोय म्हणून."

सुकुमारनी कागद खाली ठेवला. इस्माईलला चहा विचारायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

ते खरं होतं. फाल्गुनात त्रिशलाला नको तेव्हा चिमटे बसायला लागले होते. जिना चढली की चिमटा, जैन बस्तीत, म्हणजे देवळात, आरतीला उभी राहिली की चिमटा. भरतेशनं शोधून काढलं. तिच्या ठोक्यांचा इतिहास पुण्याला होता, तो बाकीच्या दोन ठिकाणी काही तास उशिरा पोचायचा. पेटी नागपूरला लागली की तिथल्या यंत्राला तिच्या ताज्या सवयी ठाऊक नसायच्या, आणि ते साध्या धापेला झटका समजायचं.

"कोण कुठला नागपूरचा, ओळख ना पाळख, माझ्या छातीत चिमटे काढतो," असं म्हणून त्रिशलानं एक दिवस पट्टा काढला आणि दोरीवर वाळत घातला. दोन दिवस घातला नाही.

तेव्हा सुकुमारनीच भरतेशला फोन केला होता. शब्द त्यांना नीट आठवत होते. "ते तीन-तीन जागी फिरवणं बंद कर. आईला पुण्याची डायरेक्ट लाइन दे. कलेक्टरला आम्ही द्यायचो तशी."

भरतेशनं आठवड्यात दिली. चिमटे थांबले. त्रिशलानं पट्टा परत घातला. सुकुमारनी गल्लीभर सांगितलं होतं की माझ्या पोरानं आईला हॉटलाइन दिली.

कलेक्टरची डायरेक्ट लाइन देताना लाइनमन एक काम करायचा, ते त्यांनी पोराला सांगितलं नव्हतं. तारांची दुसरी जोडी ओढून, तपासून, बाजूला तयार ठेवायची. ती ठेवल्याशिवाय ज्युनिअर इंजिनिअर सही करत नसे. हे इतकं साधं होतं की सांगायचं असतं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

शनिवारी त्यांनी भरतेशला बोलावून घेतलं. मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, ही रीत त्रिशला गेल्यावरही चालू होती. सुकुमारनी भाकरी केली होती, ती एका बाजूला करपली होती. पिठल्यात मीठ दोनदा पडलं होतं. भरतेश खात होता.

"खारट झालंय," सुकुमार म्हणाले.

"चांगलं आहे, आप्पा."

"खारट झालंय म्हणजे झालंय. चांगलं कशाला म्हणतोस?" त्यांनी छापलेला कागद ताटाशेजारी ठेवला. "एकशे बहात्तर."

भरतेशनं कागद वाचला नाही. आकडा ऐकूनच त्याचा हात थांबला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी गाडीत बसून बघितलं मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो?"

भरतेशनं ताट बाजूला सरकवलं. मग भरतेश बोलायला लागला. आईसाठी त्यानं यादीतला पुण्याचा पत्ता वर आणला आणि पेटीनं फक्त पहिलाच घ्यावा असं लिहिलं. दर वेळी नाव विचारण्यात वेळ जायला नको म्हणून तो पत्ता पेटीनं पाठ करून ठेवावा, हेही लिहिलं. बाकीचे दोन पत्ते मागं जोडायचे होते. पण एक गेल्यावर दुसऱ्याला आईचा ताजा इतिहास कसा द्यायचा, ते सुटत नव्हतं. म्हणून त्यानं तिथं स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली: बाकीचे पत्ते नंतर.

"आणि दहा मिनिटं केंद्र नाही मिळालं तर पेटी ओरडते म्हणाला होतास. ती का नाही ओरडली?"

"दहा मिनिटं नाही, आप्पा. मी तसं सोपं करून सांगितलं होतं. यादी संपली की ती ओरडते. तिन्ही पत्ते लावून बघितले, एकही मिळाला नाही, की मग लाल दिवा." त्यानं डोळे मिटले. "हिची यादी कधी संपलीच नाही. ती पहिल्यावरच होती."

सुकुमारनी उठून तांब्यातलं पाणी त्याच्या पेल्यात ओतलं. "मीच म्हटलं होतं डायरेक्ट लाइन दे म्हणून."

"तुम्ही म्हटलं. पण इंजिनिअर मी आहे ना."

"बरं. झालं ते झालं." सुकुमारना हे वाक्य म्हणताना फार कष्ट पडले. "आता हिच्यासारखी अजून कुणाची पेटी नाही ना?"

भरतेशनं पेला उचलून तसाच खाली ठेवला, आणि तिथंच त्यांना उत्तर कळलं.

आईचे चिमटे थांबलेले कंपनीत दिसले होते. वरच्यांनी विचारलं, हे कसं केलंस? तक्रारी सगळीकडूनच येत होत्या. भरतेशनं तो तुकडा सगळ्यांच्या नव्या प्रोग्राममध्ये घातला. तपासणाऱ्यांनी पुण्याचं केंद्र बंद पाडून बघितलं, पण बघितलं ते जुना प्रोग्राम असलेल्या पेट्यांवर. वैशाखात तो प्रोग्राम एकतीस हजार घरांत गेला. त्रिशला गेली त्या मंगळवारी एकतीस हजार दिवे निळे झाले होते. त्या त्रेचाळीस मिनिटांत चिमट्याची गरज पडली ती एकाच बाईला, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"लीलाक्काची?"

"त्यांचीही."

"मग उद्याच सांग साहेबांना."

"आप्पा, मी दुरुस्त करतोय. गुपचूप नव्हे, नेहमीच्या पद्धतीनं. तीन आठवड्यांनी पुढचा प्रोग्राम जातोय, त्यात बाकीचे पत्ते जोडलेत. आत्ता सांगितलं तर काय होईल? चौकशी होईल, माझं नाव येईल, आणि पेपरात येईल की स्वतःच्या आईला मारलं." त्यानं कागद उलटा करून ठेवला. "तीन आठवडे द्या मला. पुण्याचं केंद्र वर्षात एकदा बंद पडतं. ते पडून गेलं."

सुकुमारनी मुलाकडे बघितलं. दाढी वाढली होती, ताटात अर्धी भाकरी तशीच होती. बायको गेली होती. मुलगा एवढाच राहिला होता.

"तीन आठवडे," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज सकाळी लीलाक्काकडे जाऊन बसायला लागले. लीलाक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या. पोरं बेळगावला.

"काय रे सुकुमार, रोज यायलास?" चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? बायको जाऊन महिना नाही झाला."

"म्हणू देत."

"माझी काही हरकत नाही बाबा. पण भाकरी तुझ्या हातची खाणार नाही, आधीच सांगते. भरतेशच्या तोंडावरून कळलं मला."

ते हसले. त्रिशला गेल्यानंतर पहिल्यांदा. हसताना नजर मात्र भिंतीवरच्या पेटीवर होती.

नवव्या दिवशी, साडेनऊच्या सुमाराला, लीलाक्का गवारीच्या शेंगा मोडत होत्या आणि दिवा निळा झाला.

सुकुमारनी घड्याळ बघितलं. एक मिनिट गेलं. त्यांनी भरतेशला फोन लावला.

"लीलाक्काचा दिवा निळा आहे."

"हो, आप्पा, पुण्यात नवीन यंत्रं बसवतायत. चार मिनिटांचं काम आहे. घाबरू नका."

"चार मिनिटं आहेत, हे लीलाक्काच्या काळजाला कुणी सांगितलंय?"

सुकुमारनी फोन ठेवला.

"कुणाला रे घाबरू नका म्हणतोय?" लीलाक्कांनी विचारलं. "निळा झालाय व्हय? मला तोच रंग आवडतो. हिरवा बघून कंटाळा येतो."

सुकुमार त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि मनगट हातात घेतलं. नाडी बारीक होती, थांबत थांबत येत होती. त्यांना नाडीतलं काही कळत नव्हतं. खांबावर चढून लाइन कानाला लावली की जिवंत आहे की मेली एवढं कळायचं, तेवढंच इथं कळत होतं. दोन मिनिटं. तीन. लीलाक्का दुसऱ्या हातानं शेंगा मोडत राहिल्या आणि त्यांच्याकडे अधूनमधून बघत राहिल्या. चार मिनिटं झाली. पाच. सहाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला.

"आता तरी हात सोड," लीलाक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "त्रिशलाचा निळाच होता ना?"

"हो."

"आणि माझंही तसंच आहे?"

सुकुमारनी मान हलवली. लीलाक्कांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस. मी बेळगावला गेले असते पोरांकडं. जायचं की राहायचं, माझं मी ठरवलं असतं."

सुकुमारना वाटलं, तीन आठवडे द्यायचे तर ते लीलाक्कांना विचारून द्यायला हवे होते. एकतीस हजार लोकांना विचारून द्यायला हवे होते. ते आपले नव्हतेच.

घरी जाऊन त्यांनी भरतेशला पुन्हा फोन केला. "मी सांगलीला चाललोय. वैद्यकीय यंत्रांची तपासणी करतात त्या कचेरीत. तू आधी साहेबांना सांगितलंस तर बरं. दोन वाजेपर्यंत मी आत जात नाही."

"आप्पा, बारा दिवस राहिलेत."

"सहा मिनिटं होती आज. तू चार म्हणाला होतास."

"तुम्हाला आई गेल्याचा राग माझ्यावर काढायचाय."

"राग असेल," सुकुमार म्हणाले. "पण त्यासाठी नाही चाललो."

भरतेशनं फोन ठेवला.

कचेरीत एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. त्यांनी कागद बघितले, एकशे बहात्तर ओळींवरून पेन फिरवलं आणि संगणकावर जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भरतेशचा फोन आला नव्हता.

"हा बदल कुणी केला, माहीत आहे तुम्हाला?"

"भरतेश सुकुमार मगदूम."

बाईंचं टाइप करणं थांबलं. "तुमचे कोण?"

"मुलगा. पण बदल करायला मी सांगितलं होतं. तेही लिहा. दुसरी जोडी ठेव म्हणून सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. हेही लिहा."

"ते कायद्यात बसत नाही, काका."

"बसत नसलं तरी लिहा. फॉल्टचा रिपोर्ट पुरा असावा लागतो."

बाईंनी लिहिलं. मग त्यांनी फोन उचलला, आणि संध्याकाळपर्यंत बरंच काही हललं. कंपनीनं सगळं कबूल केलं. बाकीचे पत्ते जोडलेला प्रोग्राम तीन आठवड्यांऐवजी तीन दिवसांत निघाला. भरतेशला कामावरून बाजूला केलं, चौकशी बसली. पेपरात बातमी आली ती त्याला भीती होती तशीच आली.

एक गोष्ट मात्र कुणी हिशेबात धरली नव्हती. चौकशी चालू असतानाच पुण्याचं केंद्र नव्या इमारतीत हललं आणि त्याचा पत्ता बदलला. नोंदवहीत नवा पत्ता लागला. बहुतेक पेट्यांना त्याआधीच नवा प्रोग्राम मिळाला होता. पण तो आला त्या दिवशी ज्या लोड-शेडिंगमुळे किंवा नेट गेल्यामुळे मागं राहिल्या, त्यांनी जुना पत्ता पाठ केला होता. त्या नोंदवहीला विचारतच नव्हत्या. बंद दारावर दर पंधरा सेकंदांनी थाप मारत होत्या, आणि दुरुस्ती त्यांना मिळणार होती ती त्याच दारातून. उपाय साधा होता: पेटीचा प्लग काढायचा, मिनिटभर थांबायचं, परत लावायचा. मग ती पाठ केलेलं विसरते आणि नाव नव्यानं विचारते. पण हे कुणीतरी सांगायला हवं होतं. फोन केले गेले. काहींनी उचलले, काहींनी नाही. काहींना वाटलं, फसवणारे आहेत, प्लग काढा म्हणतात.

शिरोळ तालुक्यात अशी अकरा घरं उरली. अधिकारी बाईंनी यादी सुकुमारना पाठवली. त्यांनी ती इस्माईलला दाखवली.

"चल," इस्माईल म्हणाला. "खांब नाहीत, एवढंच. बाकी तालुका तोच आहे."

तीन दिवस ते इस्माईलच्या स्कूटरवरून फिरले. उदगाव, शिरढोण, नांदणी. दारात उभं राहून सांगायचं, टेलिफोनवाले मगदूम. म्हाताऱ्या माणसांना ते नाव आठवायचं. प्लग काढायचा. निळा दिवा विझायचा, मिनिट जायचं, परत लागायचा आणि हिरवा व्हायचा. एका घरी चहा घ्यावाच लागला. एका घरी पेटीखाली हार घातलेला फोटो होता आणि फोटोतल्या माणसाची बायको म्हणाली, "हे मागल्या वर्षी गेले. पेटी काढायचं राहिलं." तो निळा दिवाही त्यांनी विचारून बंद केला.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी सुकुमार बस्तीत गेले. दशलक्षण पर्व संपल्यावर वर्षभराच्या चुकांची एकमेकांना क्षमा मागायची, असा तो दिवस. लोक हात जोडून समोर येत होते. "उत्तम क्षमा, अण्णा." "उत्तम क्षमा." दर वर्षी भरतेशचा फोन या दिवशी सकाळी सात वाजता यायचा. आधी आईला, मग त्यांना. जबाब दिल्यापासून मात्र त्याचा एकही फोन आला नव्हता. सुकुमारनी रोज सकाळी एकदा आणि जेवण झाल्यावर एकदा त्याला फोन लावला होता. वाजून वाजून बंद व्हायचा.

बस्तीतून येताना ते लीलाक्काकडे थांबले. दिवा हिरवा होता.

"उत्तम क्षमा, लीलाक्का."

"आम्ही लिंगायत रे, आम्हाला काय मागतोस?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "दिली की. नऊ दिवस गप्प बसलास ते सोडून बाकी सगळं. त्याचं मी बघेन. भरतेशचा आला का फोन?"

"नाही. मी लावला होता. उचलत नाही."

"सुनेला लाव की. ती उचलेल. नाहीतर तिच्या आईकडं लाव, तिथंच असतील ते."

"बघू," सुकुमार म्हणाले.

इस्माईल कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभा होता. अकरापैकी दहा घरं झाली होती. अकरावं शिरढोणच्या पुढं मळ्यात होतं, दोनदा जाऊन कुलूप मिळालं होतं. स्कूटरवर बसायच्या आधी सुकुमारनी भरतेशचा नंबर पुन्हा एकदा लावला. तो वाजला, वाजत राहिला आणि बंद झाला.

मळ्यातलं ते घर राहिलं आहे. सुनेचा नंबर आणि तिच्या आईचा नंबर त्यांच्याकडे आहेत. ते त्यांनी अजून लावलेले नाहीत.